बौद्ध व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

2027 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्याबरोबर यावेळी सगळ्यांच्याच जातीचीही नोंद होणार आहे. त्यामुळे जुनेच प्रश्न नव्याने विचारले जाताहेत. ‘दीक्षा आजोबांनी घेतली, आम्ही कधी घेतलीच नाही, मग आम्ही बौद्ध कसे?’ ‘नवऱ्याच्या घरी देव्हारा आहे, मला बौद्ध व्हायचंय, काय करू?’ ‘माझा जन्म त्या समाजातला नाही, मला घेतील का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न: ‘अर्ज कुठे मिळतो?’

अर्ज कुठेच मिळत नाही. धम्माच्या हिशेबाने बौद्ध होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही (काही राज्यांत सरकारला आधी कळवण्याचे कायदे आहेत, ते पुढे येतं), कुणा पीठाची मान्यता लागत नाही, आणि जन्माची अट तर नाहीच. मूळ विधी दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यामुळे. शरण जाणं ही एक गोष्ट. जुनं सोडल्याची जाहीर कबुली ही दुसरी. सरकारदफ्तरी नोंद ही तिसरी. लग्न लागणं, लग्नाचा गावाला पत्ता लागणं आणि लग्नाची नोंदणी होणं यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध नोंदले गेले. त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रातले. त्यामुळे इथली पद्धत समोर ठेवूनच पुढचं सांगतो.

शरण जाणं म्हणजे लोटांगण घालणं नव्हे

पाली भाषेत शब्द आहे ‘सरण’. मराठीत ‘शरण’ म्हटलं की हरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पालीतला अर्थ आहे आसरा. भर पावसात माणूस वळचणीला उभा राहतो, तेव्हा तो घरमालकापुढे हरलेला नसतो, फक्त आता कुठे उभं राहायचं हे त्याने ठरवलेलं असतं.

आसरे तीन आहेत. बुद्ध, म्हणजे ज्याने वाट शोधली तो माणूस. धम्म, म्हणजे त्याने सांगितलेली वाट. संघ, म्हणजे त्या वाटेवरून चालणारे लोक. जुन्या ग्रंथांत वैद्य, औषध आणि शुश्रूषा करणारे अशी उपमा येते, आणि ती आजही चपखल बसते. वैद्याच्या तसबिरीला रोज हार घालून ताप उतरत नाही, औषध घ्यावंच लागतं.

जो हे तीन आसरे स्वीकारतो तो उपासक, स्त्री असेल तर उपासिका. घरसंसारात राहणाऱ्या बौद्ध माणसाला हाच शब्द आहे. कपिलवस्तूच्या निग्रोधारामात महानाम शाक्याने बुद्धांना सरळच विचारलं होतं, की माणूस उपासक केव्हा होतो? उत्तर तेवढंच सरळ मिळालं: बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेला की झाला. मग महानामाने पुढे विचारलं, शीलवान उपासक केव्हा होतो? तेव्हा पाच शीलं सांगितली गेली. म्हणजे प्रवेश वेगळा आणि प्रवेशानंतरची मेहनत वेगळी. हा क्रम लक्षात राहिला तर ‘मी अजून तेवढा चांगला माणूस नाही, मग दीक्षा कशी घेऊ?’ ही अडचण उरत नाही. दवाखान्यात जाण्याआधी बरं व्हावं लागत नाही.

पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, हे व्यापारी होते. त्यांनी दोनच शरणं घेतली, कारण तोवर संघ जन्मलाच नव्हता. तिन्ही शरणं घेणारा पहिला गृहस्थ म्हणजे वाराणसीच्या यशाचा बाप. त्यांच्यासाठी मंडप घातला नव्हता. बसल्या जागी तोंडाने म्हटलं आणि झालं.

पाच शीलं: तालमीत नाव घालण्यासारखं

शीलं कानावर बरीचशी सगळ्यांच्या असतात: जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहणं. पण ती घेताना जे शब्द उच्चारले जातात त्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. प्रत्येक शीलाचा शेवट असा होतो: ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’. वेरमणी म्हणजे दूर राहणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. समादियामि म्हणजे मी अंगीकारतो. एकत्र अर्थ असा, की अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा पाठ मी अंगावर घेतो.

वर बसलेल्या कुणीतरी दिलेली ही आज्ञा नव्हे. ‘मी’ स्वतः घेतो आहे. म्हणून मोडल्यास शिक्षा करणारा कुणी नाही आणि माफ करणाराही कुणी नाही. तालमीत नाव घातलेला पोरगा चार दिवस दांडी मारतो, त्याचं नाव कुणी कापत नाही, पण पाचव्या दिवशी जोर काढताना त्याचं त्यालाच कळतं. शील तुटलं की पुन्हा घ्यायचं. म्हणूनच विहारात दर वंदनेला पंचशील पुन्हा पुन्हा म्हणतात. वारकऱ्याने माळ घातली की ती एकदाच. इथे माळ रोज नव्याने ओवायची असते, एवढा फरक.

पाचव्या शीलाबद्दल जास्त वाद होतो. ‘थोडी घेतली तर?’ मूळ शब्द आहेत ‘सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना’. त्यात पमाद, म्हणजे भान सुटणं, हे कारण दिलेलं आहे. त्याचा आधार घेऊन ‘भान सुटेल इतकी घेतली तरच शील तुटतं’ अशी पळवाट काढणारे भेटतात. महाराष्ट्रात या पळवाटेला जागाच नाही, कारण इथे दीक्षेत ज्या बावीस प्रतिज्ञा घेतात (त्यांच्याबद्दल पुढे), त्यांत दारू पिणार नाही असं मराठीत स्वच्छ म्हणावं लागतं.

मांसाहाराचं मात्र उलट आहे. पहिलं शील जीव घेण्याबद्दल आहे, ताटातल्या पदार्थाबद्दल नाही. भिक्खूंच्या नियमांतही आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही असं मांस चालतं. त्यामुळे मटण खाणाऱ्याला बौद्ध होता येतं. ज्याला सोडायचं त्याने खुशाल सोडावं. दुसऱ्याच्या ताटात डोकावणं हे कुठल्याच शीलात बसत नाही.

धंद्याचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा. शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये असं अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका जुन्या पाली संग्रहात, आहे. परमिट रूम चालवणाऱ्याने दीक्षेआधी यावर विचार केलेला बरा.

विधी प्रत्यक्षात कसा होतो

जागा: विहार, समाजमंदिर, घरची बैठक, काहीही चालतं. साहित्य: बुद्धाची मूर्ती किंवा चित्र, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं. महाराष्ट्रात शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं छायाचित्र असतंच. कपडे पांढरे घालण्याची रीत आहे. सक्ती नाही, पण पांढरं वस्त्र ही गृहस्थ उपासकाची जुनी ओळख आहे. दक्षिणा नाही. भिक्खूंना भोजनदान किंवा विहाराला दान दिलं तर ते आपल्या इच्छेने. दीक्षेचा ‘दर’ सांगणारा कुणी भेटला तर उठून दुसऱ्या विहारात जावं.

सगळे गुडघ्यांवर किंवा मांडी घालून बसतात, हात जोडलेले. आधी याचना होते. दीक्षा कुणी आपणहून देत नाही, ती भन्तेंकडे, म्हणजे भिक्खूंकडे, मागावी लागते. एकटा माणूस म्हणतो, ‘ओकास अहं भन्ते तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि, अनुग्गहं कत्वा सीलं देथ मे भन्ते.’ भन्ते, मला संधी द्या, तीन शरणांसह पाच शीलं मी मागतो आहे, कृपा करून द्या. पुढे ‘दुतियम्पि’ लावून दुसऱ्यांदा आणि ‘ततियम्पि’ लावून तिसऱ्यांदा. जमाव असेल तर ‘अहं’च्या जागी ‘मयं’, ‘याचामि’च्या जागी ‘याचाम’ आणि ‘मे’च्या जागी ‘नो’ येतं. पुस्तिका बघून म्हणताना हा बदल हमखास राहून जातो.

भन्ते म्हणतात, ‘यमहं वदामि तं वदेथ.’ मी म्हणतो तसं म्हणा. उत्तर द्यायचं, ‘आम भन्ते.’ होय भन्ते. मग ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीनदा. त्यानंतर गाभा:

बुद्धं सरणं गच्छामि.
धम्मं सरणं गच्छामि.
संघं सरणं गच्छामि.

हेही दुतियम्पि आणि ततियम्पिसह, म्हणजे एकूण नऊ ओळी. तीनदा का? एकदा तोंडातून चुकून निघू शकतं, दुसऱ्यांदा शेजाऱ्याचं ऐकून निघू शकतं, तिसऱ्यांदा म्हणणारा स्वतः म्हणत असतो, असं जुनी माणसं समजावतात. त्यानंतर पाच शीलं, एकेक. शेवटी भन्ते सांगतात ‘अप्पमादेन सम्पादेथ’, गाफील न राहता हे तडीला न्या.

चुका कुठे होतात? पहिली उच्चारांत. ‘समादियामि’चं ‘समाधियामि’ होतं आणि अंगीकार बाजूला राहून समाधी लागते. दुसरी, मोठ्या समारंभात कर्णा एवढा वाजतो की मागचे नुसते ओठ हलवतात. शब्द स्वतःच्या तोंडून निघणं हाच इथला सगळा विधी आहे. तो हुकला तर मंडप, हार, छायाचित्रकार सगळं असून काहीच झालं नाही. तिसरी आणि मोठी चूक म्हणजे अर्थ न समजता म्हणणं. म्हणून आदल्या दिवशी पालीशेजारी मराठी अर्थ लिहून तास-दोन तास बसावं. चांगले भन्ते हे स्वतःच करून घेतात.

बावीस प्रतिज्ञा कुठून आल्या

14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी, नागपूर. कुशीनाराहून आलेल्या वयोवृद्ध महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना त्रिशरण-पंचशील दिलं. त्यानंतर जे झालं ते बौद्ध परंपरेत नवं होतं. भिक्खू नसलेल्या बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंच्या जनसमुदायाला स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दोन दिवसांनी चंद्रपुरातही तसंच. बाबासाहेबांच्या अंत्यसंस्कारावेळी, 7 डिसेंबरला, दादरला भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली.

स्वतः दीक्षा देण्याचा आणि प्रतिज्ञांचा हा बदल बाबासाहेबांनी मुद्दाम केला. भिक्खू होताना संघदीक्षा असते, पण गृहस्थाने धम्मात येण्याचा वेगळा, ठसठशीत संस्कार नाही, ही उणीव ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी दाखवली आहे. उंबरठा नसला की माणूस एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभा राहतो, आणि धर्म विरघळून जायला तेवढं पुरतं.

पहिल्या आठ प्रतिज्ञा नकाराच्या आहेत: ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घेणार नाही. नववी आणि दहावी समतेच्या. पुढे बुद्धांचा अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता म्हणजे अंगी बाणवायचे सद्गुण, प्राणिमात्रांवर दया आणि चोरी, व्यभिचार, खोटं, दारू यांच्याबद्दलच्या, म्हणजे पंचशीलच मराठीत. एकोणिसावी हिंदू धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार सांगते. शेवटच्या तीन म्हणजे हा सद्धम्म आहे, माझा नवा जन्म होतो आहे, यापुढे बुद्धांच्या शिकवणुकीप्रमाणे वागेन.

‘ह्या घेतल्याशिवाय बौद्ध होत नाही का?’ श्रीलंका, थायलंड, म्यानमार, लडाख इथल्या बौद्धांना या प्रतिज्ञा नाहीत आणि ते बौद्धच आहेत. परदेशात राहणारा मराठी माणूस तिथल्या सिंहली किंवा थाई विहारात गेला तर त्याला त्रिशरण-पंचशील मिळेल, प्रतिज्ञा नाहीत. परंपरेच्या हिशेबाने तेवढं पुरेसं. पण महाराष्ट्रात धम्मदीक्षा म्हणजे प्रतिज्ञांसह, अशीच समजूत आहे, आणि माझ्या मते ती बरोबर आहे. इथे माणसाला जात जन्मासोबत चिकटते. नवीन स्वीकारताना जुनं नाव घेऊन नाकारलं नाही, तर ते मागच्या दाराने परत घरात येतं. पूर्वी ख्रिस्ती किंवा मुसलमान असलेल्याला एकोणिसावी प्रतिज्ञा शब्दशः लागू पडत नाही. तिथे आपल्या पूर्वीच्या धर्माचा उल्लेख करायचा का, ते दीक्षा देणाऱ्याशी आधी बोलून ठरवावं.

दीक्षा कुणाकडून घ्यायची

भिक्खू मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य आहेत. ही संस्था बाबासाहेबांनीच 1955 साली स्थापली आणि बौद्धाचार्य म्हणजे तिने शिकवून तयार केलेले, घरसंसारी असलेले विधी करणारे लोक. नामकरण, मंगल परिणय म्हणजे लग्न, मृत्यूनंतरचे विधी हेही तेच करतात. त्रिरत्न बौद्ध महासंघाची केंद्रंही अनेक शहरांत आहेत. दरवर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास हजारो लोक दीक्षा घेतात, कुणाला तिथेच घ्यायची इच्छा असते. मात्र गर्दीत शांतपणे समजून घ्यायला वेळ मिळत नाही. ज्याला घाई नाही त्याने आपल्या गल्लीतल्या विहारात घ्यावी, पुढची सोबत तिथलेच लोक करणार असतात.

‘आमच्या जातीत कुणी बौद्ध नाही, मला वस्तीतल्या विहारात परक्यासारखं वाटेल’ असं म्हणणाऱ्याला खोटा दिलासा देत नाही. वाटेल. पहिले दोन-तीन रविवार लोक विचारतील, आडनाव ऐकून क्षणभर थांबतील. सतरंजी उचलायला हात लावला की चौथ्या रविवारी थांबणार नाहीत.

‘विपश्यना केली म्हणजे झालो का?’

नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा दुसरीकडे दहा दिवसांचं शिबिर करताना सुरुवातीला शरण आणि शीलं म्हणवून घेतात, हे खरं. पण ती त्या दहा दिवसांच्या साधनेची शिस्त असते, आणि तिथे कुणाचंही धर्मांतर होत नाही हे आयोजकच सांगतात. पोहायला शिकल्याने माणूस कोळी होत नाही. उलट, बौद्ध व्हायला विपश्यना केलेली असणं हीही अट नाही. तसंच श्रामणेर शिबिराचं. तिथे मुंडन करून, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र घालून काही दिवस दहा शीलं पाळतात. सुंदर अनुभव, पण उपासक व्हायला गरज नाही.

आणि ज्यांच्या आजोबांनी 1956 ला दीक्षा घेतली, त्यांचं काय? समाज आणि सरकार त्यांना बौद्धच समजतं. धम्माच्या काटेकोर हिशेबाने मात्र शरण हे स्वतःच्या तोंडाने जायचं असतं, वारशाने मिळत नाही. तुम्ही मोठेपणी समजून-उमजून एकदा जरी वंदना म्हटली असेल तर तो हिशेब चुकता झाला.

देव्हाऱ्याचं काय करायचं

खरी अडचण विधीत नसते, घरी परतल्यावर असते. नवरा-बायकोपैकी एकानेच दीक्षा घेतली तर? घेता येते. दुसऱ्याच्या संमतीची धम्मात अट नाही. पण दुसऱ्याचा देव्हारा उचलून बाहेर ठेवण्याचा अधिकारही दीक्षेने मिळत नाही. तुमच्या प्रतिज्ञा ‘मी’ने सुरू होतात. तुम्ही पूजा करणार नाही, एवढंच त्यात आहे. सासूबाईंनी करायची नाही असं कुठे म्हटलेलं नाही.

सगळ्या घराने मिळून दीक्षा घेतली असेल तर टाक, मूर्ती, तसबिरी ज्या भाऊबंदांना हव्या असतील त्यांना सन्मानाने द्याव्यात. भावकीत सामाईक कुलदैवत असेल तर आधी बोलावं. रात्रीत नदीत सोडून आलेल्या टाकांवरून दहा-दहा वर्षं बोलणं बंद झालेली घरं आहेत.

शेजाऱ्याकडे गणपतीला जायचं का? जायचं, मोदक खायचा, आरतीच्या वेळी बाजूला उभं राहायचं. नालंदेचा उपाली नावाचा धनिक निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, अनुयायी होता. तो बुद्धांना शरण जायला निघाला तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: नीट विचार कर, आणि तुझ्या दारी आजवर निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस.

कागद: काय लागतं, कशासाठी

बौद्ध असायला कागद लागत नाही. कागदावर बौद्ध असायला लागतो. शाळेचा दाखला, जात प्रमाणपत्र, नोकरीतली नोंद यांत धर्म बदलायचा असेल तरच पुढची खटपट.

दीक्षेच्या दिवशीच संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं: पूर्ण नाव, तारीख, ठिकाण, दीक्षा देणाऱ्याचं नाव आणि सही, संस्थेचा नोंदणी क्रमांक, दोन साक्षीदार. मग प्रतिज्ञापत्र करावं. त्यात पूर्वीचा धर्म, दीक्षेचा दिवस, आणि हे स्वेच्छेने, कुणाच्या दबावाशिवाय किंवा आमिषाशिवाय केलं आहे, हे वाक्य असावं. या दोन कागदांवर महाराष्ट्र शासन राजपत्रात धर्मबदलाची जाहिरात देता येते. नावबदलाची देतात तिथेच, शासकीय मुद्रण संचालनालयाकडे, ऑनलाइन अर्जाने. राजपत्राची ती प्रत पुढे सगळीकडे चालते.

इथे काम अडतं ते क्षुल्लक कारणाने. आधारवर ‘विठ्ठलराव’, दाखल्यावर ‘विठ्ठल’, प्रतिज्ञापत्रावर ‘विठ्ठल रामा’. तिन्ही कागद समोर ठेवून एकच नाव ठरवावं आणि मगच अर्ज भरावा. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावं. ‘नवबौद्ध’ हा सरकारी योजनांतला शब्द आहे, धर्माचं नाव नव्हे.

लग्न, वारसा, दत्तक यांचं काय होतं? हिंदू धर्मातून आलेल्यांचं काहीच बदलत नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांना आधीपासूनच लागू आहेत. त्यामुळे आधीचं लग्न मोडत नाही, बापाच्या जमिनीतला हिस्सा जात नाही. ‘मग आपण कायद्याने हिंदूच ना?’ नाही. तो कायदा कुणाला लागू, एवढंच ते कलम सांगतं. बौद्ध हा वेगळा धर्म आहे आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली बौद्ध हा अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे. पूर्वीचा धर्म मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल तर मात्र लागू होणारा कायदाच बदलतो. तिथे विवाहित माणसाने आधी वकील गाठावा.

काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. उत्तर प्रदेशात 60 दिवस आधी. गुजरातच्या गृह विभागाने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून बौद्ध धर्म वेगळा आहे, त्यासाठीही पूर्वपरवानगी लागेल, असं स्पष्ट केलं. हे कायदे बदलत राहतात. त्यामुळे दीक्षा ज्या राज्यात घेणार तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात त्या वेळचा नियम विचारून मगच तारीख ठरवावी, विशेषतः सामूहिक दीक्षा असेल तर.

आरक्षण जातं का?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा समजलं जाई. 1956 मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. त्याची किंमत काय होती ते नागपूरच्या डॉ. डी. पी. मेश्राम यांच्या खटल्यात दिसतं. 1962 मध्ये ते राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने म्हटलं, धर्म ‘मानणं’ म्हणजे उघडपणे जाहीर करणं. आपण हिंदू राहिलो नाही असं ज्याने जाहीर केलं, त्याला त्या आदेशाचा लाभ नाही. बौद्ध झालेल्या मेश्रामांची जागा गेली. कित्येकांनी मनाने बौद्ध होऊन कागदावर ‘हिंदू’ ठेवलं, ते याच काळात. 1990 मध्ये आदेश दुरुस्त झाला आणि बौद्धांचा समावेश झाला.

म्हणजे आज अनुसूचित जातीतला माणूस बौद्ध झाला तर त्याचं आरक्षण जात नाही. अनुसूचित जमातींना तर धर्माची अटच नाही. उलट बाजूही सांगायला हवी: खुल्या प्रवर्गातला माणूस बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा होत नाही. ज्यांच्याकडे इतर मागासवर्गाचा दाखला आहे त्यांनी शाळेच्या किंवा नोकरीच्या नोंदी बदलण्याआधी जात पडताळणीच्या कामातल्या माणसाचा सल्ला घ्यावा.

खटका उडतो तो जातीच्या रकान्यात. ‘जात: बौद्ध’ असं लिहिलेले कितीतरी शाळेचे दाखले आहेत. बौद्ध ही जात नव्हे, आणि अनुसूचित जातींच्या यादीत ‘नवबौद्ध’ नावाची जातही नाही. केंद्राच्या नोकरीसाठी लागणाऱ्या दाखल्यावर यादीतल्या जातीचं नाव लागतंच. म्हणून पडताळणीसाठी वडील-आजोबांचे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे, कोतवाल बुकातला (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला) उतारा किंवा जुना शाळेचा निर्गम उतारा, आजच शोधून ठेवावेत. जनगणनेतही तेच: धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जातीची नोंद हवी असेल तर यादीतलं नाव.

‘जात सोडायला धर्म सोडला, आणि आता पुन्हा तीच तोंडाने सांगायची?’ हा आक्षेप कुणी घेतला तर मी वाद घालत नाही, तो रास्त आहे. मी एवढंच म्हणेन की दवाखान्याच्या केसपेपरवर जुन्या अपघाताची नोंद असते, ती रोग्याची ओळख नसते. ज्याला तरीही लिहायचं नसेल त्याने लिहू नये, मात्र मुलांच्या दाखल्याचा विचार करून.

दुसऱ्या दिवसापासून

रोजचं फार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी त्रिशरण-पंचशील, पाच मिनिटं. आठवड्यातून एकदा विहार. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, त्या तीन महिन्यांत बहुतेक विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं क्रमाने वाचन चालतं. नवख्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. वाचणारी बहुधा एखादी आजी किंवा निवृत्त शिक्षक असतात, आणि प्रश्न विचारले की पुस्तक मिटून समजावतात.

पौर्णिमेला उपोसथ, म्हणजे एका दिवसापुरती आठ शीलं. पाचांतलं तिसरं त्या दिवशी पूर्ण ब्रह्मचर्य होतं, आणि दुपारी बारानंतर न जेवणं, नाचगाणी व साजशृंगार टाळणं, उंच-मऊ बिछाना सोडणं ही तीन वाढतात. पहिल्यांदा करणाऱ्याने अकराच्या सुमारास पोटभर जेवून घ्यावं, नंतर पाणी किंवा गाळलेला फळांचा रस चालतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा उपवास करू नये. त्या दिवशी पांढरे कपडे घालून पाच शीलं म्हटली आणि वेळेवर दोन घास खाल्ले तरी चालतं.